पॅरिशच्या शाळेत अजून थांबू का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही धागा लागेल. वय सव्वीस, बी.एस्सी., बी.एड. वसईच्या पश्चिम पट्ट्यात घर. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, इंग्रजी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवतोस, तिसरं वर्ष संपत आलंय, हातात पडतात अकरा हजार. दर जूनला फादर म्हणतात, "पुढच्या वर्षी नक्की बघू." घरची तीस गुंठ्यांची वाडी, बाबांचे गुडघे गेलेले. आणि परवा युवक मंडळाच्या बैठकीत यावरून वादावादी झाली, की चर्चच्या धोरणांनी आपल्या पोरांना वर काढलं की बांधून ठेवलं?

मी सत्तावीस वर्षं एका सहकारी पतसंस्थेच्या कर्ज विभागात काढली आणि निवृत्तीनंतर आठ वर्षं एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर. म्हणजे पोरांना पैसे देणाऱ्या खुर्चीत बसलोय आणि त्यांना ताटकळत ठेवणाऱ्या खुर्चीतही. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मग. येत्या एप्रिलनंतर थांबू नकोस. फादरांवर रागावून मात्र जाऊ नकोस. ते खोटं बोलत नाहीयेत. जे त्यांच्या हातातच नाही ते कबूल करून बसलेत, एवढंच.

उद्या शाळेत गेलास की मुख्याध्यापक सिस्टरांना एकच गोष्ट विचार: "माझं पद संचमान्यतेत आहे का?" पटावर मुलं किती त्यावरून शिक्षण विभाग दरवर्षी शिक्षकांची पदं ठरवतो, ती संचमान्यता. अनुदानित शाळेतलं मंजूर पद रिकामं झालं, नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळाली, शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक, निघाला, की पगार सरकारी तिजोरीतून. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिना १८,००० मानधन आहे, तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते आणि मूळ वेतनच ३८,६०० पासून सुरू होतं. तुझे अकरा हजार याच्याशेजारी ठेवून बघ.

पण तू इंग्रजी विभागात आहेस, आणि सगळी गोम तिथेच आहे. राज्याने २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर मान्यता द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला, पण इंग्रजी माध्यम वगळून. पुढे २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. म्हणजे तुझ्या वर्गावर सरकारी पगार येण्याची वाट बघणं म्हणजे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर लोकलची वाट बघण्यासारखं आहे. पगार येणार तो फीमधून. फी ठरवते पॅरिशची समिती, आणि समितीवरचे निम्मे लोक त्याच शाळेतल्या मुलांचे आईबाप. ते फी का वाढवतील? पन्नास पोरांची फी स्वस्त राहते ती तुझ्या अकरा हजारांमुळे. हे वाईट काम नाही, पण याला नोकरी म्हणू नये. ती तू देत असलेली वर्गणी आहे.

आता हे असं का झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या बैठकीतला वाद याच जागी अडला असणार.

आपल्या भागातल्या पॅरिशच्या जुन्या शाळा मराठी. नंदाखाल, गास, भुईगाव, निर्मळ, आगाशी, कुठेही जा, चर्चच्या आवारात आधी मराठी शाळा उभी राहिली. सामवेदी, वाडवळ, कोळी, ज्यांच्या घरात बोली वेगळी, त्यांची पोरं तिथे प्रमाण मराठी शिकली. त्या शाळांना अनुदान मिळालं आणि त्यातून गावागावात पगारदार शिक्षकांचा एक थर तयार झाला. माझ्या पिढीत डी.एड. झालेली मुलगी म्हणजे घरातलं पहिलं पगारपत्रक. तिच्या पगारावर धाकट्या भावांची शिक्षणं झाली, विहिरीवर इंजिन बसलं. हे चर्चचंच धोरण होतं, आणि मी कर्जाच्या फाइली बघितल्यात म्हणून सांगतो, त्या पगारपत्रकाइतका भक्कम जामीन दुसरा नव्हता.

मग साधारण ऐंशी-नव्वदच्या दशकांत आईबाप इंग्रजी मागू लागले. मुंबईला दूध, भाजी, केळी, फुलं घेऊन जाणारा माणूस रोज विरार लोकलमधून बघत होता की टाय लावलेला माणूस कुठे उतरतो. मागणी चूक नव्हती. चर्चने सुरुवातीला थोडे आढेवेढे घेतले, मग शाळेमागून शाळेत इंग्रजी वर्ग उघडले. पोरांना फायदा झाला, तो नाकारणारा खोटारडा. आज विमान कंपन्यांत, बँकांत, आखाताच्या इस्पितळांत, जहाजांवर आपली मुलं आहेत ती त्या इंग्रजीमुळे. पण त्याच निर्णयाने मराठी वर्गांचा पट आटला. पट आटला की पद जातं, पद गेलं की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, आणि मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलल्यावर तर लहान शाळांची उरलीसुरली पदंही धोक्यात आली. एका हाताने विद्यार्थ्याला दार उघडलं, दुसऱ्या हाताने शिक्षकाचा पगार बंद झाला. दोन्ही हात एकाच माणसाचे होते, पण हिशेब कोणी एका वहीत मांडलाच नाही.

गोव्यात हेच उघड भांडणातून झालं म्हणून तिथे ते स्पष्ट दिसतं. १९९० मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी हवं. तिथल्या धर्मप्रांताच्या शाळा इंग्रजी होत्या. चर्चने अनुदान धरलं, म्हणजे शिक्षकांचे पगार धरले, आणि प्राथमिक शाळा कोकणी केल्या. आईबाप कुरकुरत राहिले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुलं केलं आणि मग जे आंदोलन पेटलं ते पुढची पाच-सहा वर्षं विझलं नाही. २०१६ मध्ये त्यातूनच सुभाष वेलिंगकरांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोवा प्रमुखपदावरून दूर व्हावं लागलं. भाषेचं राजकारण बाजूला ठेव. मला त्यातून दिसलं ते इतकंच, की बिशप माध्यम ठरवतात तेव्हा नकळत पगारही ठरवत असतात. वसईत कोणी मोर्चा काढला नाही म्हणून आपल्याला ते दिसलं नाही.

आता फादरांच्या शिफारशीच्या चिठ्ठीबद्दल. तुझ्यासारख्या पोरांचा असा समज असतो की अल्पसंख्याक संस्था आहे, आपल्या शाळा आपण चालवायच्या या हक्काला घटनेच्या कलम ३० चं संरक्षण आहे, म्हणजे फादर ठरवतील त्याला घेतील. तितकं सरळ नाही. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या नोकऱ्यांचा १९७७ चा कायदा आहे, त्यात अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि जास्तीत जास्त आणखी तीन माणसं, एवढ्याच नेमणुकांत मोकळीक दिलीय. शिवाय त्याच कायद्यात मंजूर कायम पदावर रीतसर नेमलेल्या शिक्षकाचा परिवीक्षा काळ दोन वर्षांचा, शिक्षणसेवकाचा तीन, आणि तो समाधानकारक पार पडला की तो कायम समजला जातो. म्हणूनच तुझी ऑर्डर दर वर्षी एप्रिलअखेर संपते आणि जूनमध्ये नवी निघते. मे महिना मध्ये कोरा. हा कारकुनी योगायोग नव्हे. मी ज्या समितीवर होतो तिथेही हेच चालायचं, आणि पहिली दोन वर्षं मीही त्या कागदांवर सही केली. तिसऱ्या वर्षी विचारलं, तर एक सभासद म्हणाले, "सेवाभाव नको का?" ते स्वतः बँकेतून पेन्शन घेत होते.

या सेवाभावावर माझं फार दिवसांचं भांडण आहे. रास्त मजुरीचा हक्क ज्या चर्चने १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांच्या परिपत्रकातून साऱ्या जगाला सांगितला, जे दर १ मे रोजी कामगार संत जोसेफचा सण साजरा करतं, त्याच्याच बालवाडीत ताईंना साडेपाच-सहा हजार मिळतात. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि कारण सांगताना त्या परिपत्रकाचा उल्लेख केला, तेव्हा मला आधी आपल्या बालवाडीतल्या ताई आठवल्या. वर्गणी काढून नवा घंटाघर बांधणाऱ्या पॅरिशला पगारवाढ परवडत नाही, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. अनुदानित पदांवर कधीकधी फादर आणि सिस्टर असतात. त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं, त्यामुळे पगार त्यांच्या धर्मसंघाकडे जमा होतो. या पगारावर प्राप्तिकर कापायचा का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कापायचा असा निकाल दिला. कराचं जाऊ दे. प्रश्न असा, की गावात चार मंजूर पदं असताना त्यातली एक-दोन धर्मसंघाकडे गेली, तर संसार करणाऱ्या पोरांसाठी उरतात किती? सिस्टर बऱ्याचदा उत्तम शिकवतात, त्या पैशांतून आदिवासी पाड्यांवरची वसतिगृहं चालतात, हे खरं आहे. तलासरीच्या ज्ञानमाता सदनात राहून शिकलेली वारली मुलं मी पाहिलीत, त्यांच्यासाठी ते वसतिगृह नसतं तर सातवीनंतर वीटभट्टीच होती. म्हणजे पैसा वाया जात नाही. पण ही निवड आहे, आणि निवड करणाऱ्याने ती उघड बोलून करावी असं मला वाटतं.

आमच्या पॅरिशचा हिशेब मी एकदा वहीत मांडला होता. शाळा, दवाखाना, ऑफिस, दफनभूमीचा माळी धरून पगारी माणसं बावन्न. गेल्या पंचवीस वर्षांत रिकाम्या झालेल्या जागा, वर्षाला सरासरी दोन. हिशेब मांडला त्या वर्षी दृढीकरण, म्हणजे चर्चचा वयात येतानाचा संस्कार, घेणारी मुलं नव्वद. चर्च नोकऱ्या देतं का, या प्रश्नाचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. देतं, दोन.

म्हणून मी पोरांना सांगतो, चर्चच्या नोकऱ्यांकडे बघू नका, चर्चने उभ्या केलेल्या यंत्रणांकडे बघा. १९१८ मध्ये वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतसोसायटी काढली. आज आपण जिला बॅसीन कॅथोलिक बँक म्हणतो ती हीच. सहकाराचा देशातला पहिला कायदा १९०४ चा, म्हणजे वसईने फार उशीर केला नाही. तिकडे रांचीकडे जॉन हॉफमन नावाच्या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी १९०९ मध्ये मुंडा-उरांव शेतकऱ्यांसाठी अशीच सोसायटी उभी केली होती. त्या धर्मगुरूंना एक गोष्ट नीट उमगली होती. सावकाराच्या वहीत नाव असलेला माणूस प्रवचनाने सुधारत नाही, त्याला बारा महिन्यांच्या हप्त्यावर पैसा लागतो. वसईच्या पानवेली, केळीच्या बागा, म्हशींचे गोठे, पुढे पोरांची आखातातली तिकिटं, यामागे पतपुरवठ्याचा जो हात आहे तो कोणत्याही चिठ्ठीपेक्षा लांब पोचला. आणि त्यात लाजिरवाणं काही नव्हतं. चिठ्ठीवर लागलेला माणूस जन्मभर मिंधा राहतो. हप्ता फेडणारा ताठ चालतो.

पण सहकाराच्याही मर्यादा मी टेबलाच्या आतल्या बाजूने बघितल्यात. लग्नासाठी पाच लाख मागायला आलेल्याला आम्ही पंधरा दिवसांत देत होतो, कारण जामीनदार दोन नातेवाईक, दोघेही पगारदार. तेवढेच पैसे वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान टाकायला मागणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला आम्ही तीन महिने फिरवलं आणि शेवटी दीड लाख मंजूर केले. त्याने उरलेले बाहेरून उचलले आणि व्याजात बुडाला. तो पोरगा आजही रविवारी मिस्सेत दोन बाकं पुढे असतो, मला नमस्कार करतो. चर्च लग्नाच्या साधेपणावर आगमनकाळात, नाताळाआधीच्या आठवड्यांत, एक प्रवचन देतं आणि मग त्याच हॉलचं भाडं लावतं. प्रवचनापेक्षा कर्जसमितीने नियम बदलला असता तर जास्त फरक पडला असता, आणि तो नियम बदलण्याच्या जागी मीच बसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

बैठकीत नगरकडून वसईत आलेल्या कुटुंबातला एक मुलगा म्हणाला, "तुमचा प्रश्न पगाराचा, आमचा जातीच्या दाखल्याचा." त्याचं बरोबर आहे, आणि तो प्रश्न वसईकरांना सहसा कळत नाही. अहमदनगर भागात, आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. दलित कुटुंबं ख्रिस्ती झाली, शाळा आल्या, दुष्काळातल्या अनाथ पोरांना सुतारकाम-विणकाम शिकवणारे वर्ग आले, शेवटी १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. मिशनने शिक्षण दिलं, पण नोकरीही मिशनचीच: शाळामास्तर, बायबलवाली बाई, इस्पितळातली परिचारिका, कंपाउंडातला वॉचमन. परदेशी पैसा आटल्यावर त्या नोकऱ्याही आटल्या आणि कंपाउंडाबाहेर पाय टाकायची सवय नसलेली एक पिढी मागे राहिली. अपवाद परिचारिकांचा. मिरजेच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या वानलेस रुग्णालयासारख्या ठिकाणी शिकलेल्या मुली कुठेही गेल्या तरी त्यांचं प्रमाणपत्र चाललं. मिशनच्या आवाराबाहेर जे कौशल्य विकलं जातं ते टिकलं, आवारातच ज्याला किंमत होती ते गेलं. तुझ्या बी.एड.चा विचार करतानाही हीच कसोटी लाव.

आणि दाखल्याचं म्हणशील तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. शीखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बाळकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो, आणि त्या मुलाने तो आधी काढावा. हा नियम सरकारचा आहे, चर्चचा नाही. पण चर्चला यातून अंग काढून घेता येत नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आत जातिभेद आहे हे त्यात लेखी मान्य केलं. मग त्या धोरणाप्रमाणे आपल्या संस्थांनी किती पोरं घेतली, हे विचारायचा त्या मुलाला पूर्ण हक्क आहे. पुढच्या बैठकीत त्याला आधी बोलू द्या.

प्रवेशाबद्दल दोन शब्द, तुझ्या धाकट्या बहिणीसाठी. तिला अभियांत्रिकीला जायचंय असं लिहिलंस. अल्पसंख्याक संस्थांमध्ये साधारण निम्म्या जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. बांद्र्याचं फादर आग्नेल, बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस, कुर्ल्याचं डॉन बॉस्को, ही वसईहून लोकलने रोज करता येण्यासारखी कॉलेजं आहेत. खुल्या गटात जिथे नाव लागत नाही तिथे या कोट्यातून लागतं, आणि दरवर्षी आपल्याच मुली कागदासाठी मागे राहतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म कसा लिहिलाय ते आजच बघ. नुसतं 'हिंदी' (म्हणजे भारतीय) किंवा कोरी जागा असेल तर दुरुस्तीला दोन-तीन महिने जातात. हे काम पॅरिशच्या ऑफिसने दरवर्षी दहावीच्या मुलांसाठी जानेवारीतच करायला हवं. त्याला एक पैसा लागत नाही, आणि कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा त्याचा उपयोग मोठा. शिष्यवृत्त्यांवर तसाही आता भरवसा राहिला नाही. केंद्राने २०२२ मध्ये अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली, आणि त्याआधी २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा इतका आवळला की एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या लहान संस्थेला पुढे देताच येत नाही. धर्मप्रांताच्या मोठ्या संस्थेतून गावातल्या मंडळाला मिळणारी मदत तिथेच थांबली.

आता तुझं स्वतःचं. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिली नसशील तर दे. २०१४ च्या निकालानुसार शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, म्हणून आपल्याकडे अनेकजण टीईटीशिवाय राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर शाळांतल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली आणि अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला. तो निकाल लागेपर्यंत हात बांधून बसण्यापेक्षा केंद्राची सीटीईटी आणि राज्याची टीईटी, दोन्ही दे. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. मग शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी दे, म्हणजे राज्याच्या पवित्र या भरती पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या आणि इतर संस्थांच्या शाळा तुला खुल्या होतात. डहाणू-जव्हारला जावं लागलं तर जा. आपल्या पोरांना वसईबाहेरची नोकरी म्हणजे हद्दपारी वाटते, आणि हीसुद्धा थोडी चर्चच्या सावलीत वाढल्याची सवय आहे. तुझी जात कोणत्याच आरक्षित यादीत नसेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढ. पाच एकरांची अट तुला आड येत नाही, तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. आपल्या समाजात हा दाखला काढणारी पोरं मी हाताच्या बोटांवर मोजू शकतो. "आपल्याला आरक्षण नाही" हे वाक्य इतकं पाठ झालंय की २०१९ मध्ये नियम बदलला हे कानावरच आलं नाही.

नोकरी सोडताना मात्र तीन वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी, पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी आणि अनुभवाचा दाखला हातात घे. दाखल्यावर विषय आणि इयत्ता लिहून घे. सिस्टर देतील. न दिल्यास लेखी माग. तोंडी मागितलेलं आपल्याकडे हवेत जातं.

राहिली वाडी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला करायचा घाट घातला गेला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. "जमीन विकू नका" हे तेव्हा चर्चमधूनही सांगितलं गेलं, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. नाहीतर आज तुला तीस गुंठे राहिलेच नसते. पण जमीन राखा म्हणणाऱ्यांनी जमिनीवर जगायचं कसं हे सांगितलं नाही. विहिरी मचूळ झाल्या, पानवेली गेल्या, मजूर मिळेना. वाडी राहिली आणि तिच्यात काम करणारा पोरगा अकरा हजारांवर गणित शिकवायला गेला. गोव्यात डॉन बॉस्कोवाल्यांनी सुळकर्ण्याला शेतीचं कॉलेज काढलं. एवढ्या बागायतदार समाजाच्या वसईत पॅरिशपॅरिशला इंग्रजी शाळा आहे, पण फुलशेतीचा एक सहा महिन्यांचा वर्ग नाही. याचं मला कोडं आहे.

पाऊण एकरात संसार चालत नाही, पण जोडधंदा चालतो. मोगरा, तगर, कुंडीतली रोपं, यांना दादरच्या बाजारात आणि वसई-नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींत गिऱ्हाईक आहे. तुझी शिकवणी संध्याकाळी, रोपवाटिका सकाळी, असं एक वर्ष करून बघ. मला वाटतं पहिल्याच वर्षी अकरा हजारांच्या पुढे जाशील, पण बियाणं-खताच्या पावत्या जपून ठेव, नाहीतर कर्जाच्या वेळी मला दाखवायला काही नसेल. सुरुवातीला मोठी रक्कम उचलू नकोस. दीड लाखात शेडनेट आणि मोटारदुरुस्ती होते. पतसंस्थेत अजून माझ्या हाताखालचे दोघं आहेत. चिठ्ठी देणार नाही, पण अर्ज भरायला बसेन तुझ्याबरोबर.

त्याआधी बाबांना एक विचारून ठेव: सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे? आपल्याकडे दहातल्या सहा वाड्यांवर अजून आजोबांचंच असतं. तसं असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे याच आठवड्यात टाक, फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो. आणि तुझ्या दोन्ही आत्यांना आधी घरी बोलावून नीट सांग, नोटीस हातात पडल्यावर नको.